प्रो. वसुधा मोघे

वसुधा मोघे कुठलाही कागद खालून वर वाचत असत. वीजबिल असो, लग्नपत्रिका असो की सोसायटीची नोटीस, त्यांची नजर आधी तळाशी जायची. तिथे नाव आहे का, सही आहे का, हे बघून झालं की मग चष्मा नीट करून त्या पहिल्या ओळीकडे वळत. "आधी सही कोणाची ते बघायचं," त्या म्हणत. "वरचं खरं की खोटं, ते मग आपोआप कळतं."

आमची ओळख याच सवयीमुळे झाली. दिल्लीशेजारच्या गाझियाबादमधल्या वैशाली वसाहतीत मी राहायला आलो त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीबद्दल एक तक्रार लिहून मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली होती. नोएडातल्या एका बातम्यांच्या कचेरीत उमेदीची वर्षं गेल्यामुळे मजकूर नेटका होता. संध्याकाळी परतलो तेव्हा सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई तो वाचत उभ्या होत्या. हे कोणी लिहिलं, असं त्यांनी मला हिंदीत विचारलं. मी लिहिलं म्हणताच माझ्या हिंदीवरून त्यांनी माझं गाव ताडलं आणि त्या मराठीत म्हणाल्या, "खाली नाव नाही. बिननावाचा कागद कोण वाचतो?" मी पेन काढून नाव घातलं. चौथ्या दिवशी टाकी साफ झाली.

वसुधाताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांची सगळी नोकरी गेली. फाइलवरची टिपणं लिहिणं हे त्यांचं काम. त्यांच्या टिपणात खाडाखोड नसे, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. टिपण वर जायचं, त्याखाली साहेबाची सही व्हायची आणि ते साहेबाचं होऊन खाली यायचं. याबद्दल त्या कडवटपणे बोलत नसत. फक्त एकदा म्हणाल्या, "आयुष्यभर लिहिलं मी आणि म्हणणं साहेबांचं. आता जे करीन त्याच्या खाली माझं नाव."

करायचं काय हे ठरलेलं होतं. पानिपतच्या हातमागांवर आणि कारखान्यांत कापड बेतून उरलेले तुकडे ढिगांनी विकायला असतात. ते आणायचे आणि त्यांच्या गोधड्या शिवायच्या. यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते, मुलगा निखिल गुरुग्रामला नोकरीत होता, घर रिकामं होतं. मागच्या गल्लीत संतोष नावाची हरियाणाची एक बाई साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. तिला त्यांनी धावदोरा शिकवला. संतोष त्याला आधी 'सीधा टांका' म्हणे. महिनाभरात तिच्या तोंडी 'धावदोरा' आला, फक्त त्यातला 'व' हरियाणाचा होता. पुढे फिरदौस नावाची तिची शेजारीण आली. गोधड्या खपू लागल्या आणि दुकानदार पक्की पावती मागू लागले. तेव्हा व्यवसायाला कायद्यानं काहीतरी रूप देणं भाग पडलं.

निखिल तयारीनिशी आला. त्याच्या मते प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणं हाच एक शहाणपणाचा मार्ग होता. धंदा बुडाला तर नुकसान कंपनीपुरतं राहतं, राहत्या घरावर टाच येत नाही. हे म्हणणं चूक नव्हतं. त्याने आणि त्याच्या एका मित्राने संचालक व्हायचं, आईने फाउंडर. त्याने एक छापील मसुदा आणला होता. पहिल्या पानावर वसुधाताईंचा हसरा फोटो होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'फाउंडर'. वसुधाताईंनी शेवटचं पान आधी काढलं. सहीचा अधिकार निखिलचा होता.

"वर फोटो माझा, खाली सही तुझी," त्या म्हणाल्या. "हे मी मंत्रालयात करून आले. तिथे निदान फोटो काढत नव्हते."

त्या दिवशी मी चहाला गेलो होतो, म्हणून हे ऐकलं. निखिल चिडला नाही, कळवळून बोलला. आई, हे ऑफिस नाही, मार्केट आहे, यार, इथे लोक खाऊन टाकतात, असं काहीसं तो म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "तुझं पानिपत होईल."

"मी दर मंगळवारी पानिपतला जाते," वसुधाताई म्हणाल्या, "आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते."

पुढच्या आठवड्यात त्या नोएडातल्या एका सीएकडे गेल्या. गुप्ताजी सौम्य गृहस्थ होते. त्यांनी कोऱ्या कागदावर चार चौकोन काढून एकल मालकी, भागीदारी, एलएलपी आणि कंपनी समजावून सांगितली. एकल मालकीच्या चौकोनाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आणि बजावलं की यात धंदा आणि मालक हे कायद्याला वेगळे दिसत नाहीत. देणं झालं तर ते थेट मालकाच्या घरापर्यंत येतं, त्याला मर्यादा नाही. वसुधाताईंनी विचारलं, यात सह्या किती जणांच्या लागतात? एकच, गुप्ताजी म्हणाले. वसुधाताईंनी त्याच चौकोनावर बोट ठेवलं. निखिलला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "बुडालं तर माझ्या नावानं बुडेल. तरलं तरी माझ्याच."

सेक्टरच्या बाजारात एक गाळा घेतला. पाटी रंगवणाऱ्याने 'धावदोरा' लिहिलं आणि उत्तरेकडच्या रीतीप्रमाणे खाली 'प्रो.' काढून विचारलं, पुढे साहेबांचं नाव काय घालू? वसुधाताईंनी आपलं नाव एका कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. 'प्रो. वसुधा मोघे' अशी पाटी लागली. प्रो. म्हणजे प्रोप्रायटर, मालक. पण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा संक्षेप कॉलेजातच भेटलेला असतो. दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, लातूर-परभणीकडच्या दोन मुली थंडीच्या दिवसांत गोधडी घ्यायला आल्या. पाटी वाचून त्यांनी आत येताच वाकून नमस्कार केला आणि एकीने अदबीने विचारलं, "मॅडम, तुमचा विषय कोणता?"

वसुधाताईंनी सुई गादीत खोचली आणि म्हणाल्या, "मालकी."

मुलींनी मान डोलावली. हा ऐच्छिक विषय त्यांच्या यादीत नव्हता, पण तसं बोलून दाखवायची त्यांची हिंमत झाली नाही. पुढे वर्षभर त्यांच्या खोल्यांमधून वसुधाताईंना 'प्रोफेसर मॅडम' याच नावाने गिऱ्हाइकं येत राहिली. त्यांनी एकालाही दुरुस्त केलं नाही.

धंदा तरला. मग एका सकाळी जिना चढताना वसुधाताईंच्या छातीत कळ आली. इस्पितळातून घरी आल्यावर डॉक्टरांनी पानिपतच्या फेऱ्या बंद केल्या. निखिल पंधरा दिवस आईजवळ राहिला, रात्रंदिवस तिचं सगळं केलं आणि निघताना म्हणाला की आता हे आवरू या, नाहीतर माझ्याकडे दे. चार दिवसांनी वसुधाताईंनी मला बरोबर घेतलं आणि टॅक्सीने गुप्ताजींकडे गेल्या.

गुप्ताजींनी जे सांगितलं ते आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा वसुधाताईंनी ते ऐकून सोडून दिलं होतं. एकल मालकी मालकाबरोबर संपते. बँकेचं खातं, जीएसटीची नोंदणी, सगळं एका माणसाच्या पॅनवर. माणूस गेला की सामान वारसांचं, आणि शिवणाऱ्या बायकांच्या हाती काहीच नाही. "मैडम, कागज़ पर वे कहीं हैं ही नहीं," ते म्हणाले.

वसुधाताईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच चूक सापडल्याचा भाव पाहिला, तोही स्वतःच्या टिपणात सापडल्याचा. मग त्यांनी तो जुना चार चौकोनांचा कागद पिशवीतून काढला. तो त्यांनी जपून ठेवला होता. या वेळी बोट एलएलपीवर ठेवलं. मर्यादित जबाबदारीची ही भागीदारी भागीदारांपेक्षा वेगळी ओळख ठेवते, एक जण गेला तरी चालू राहते, आणि देणं साधारणपणे भागीदाराच्या घरापर्यंत पोचत नाही. भागीदार कोण, गुप्ताजींनी विचारलं. निखिलजी?

"संतोष," वसुधाताई म्हणाल्या.

गुप्ताजींनी शिवणकाम करणारी बाई पार्टनर कशी होईल, असं विचारलं नाही, पण पेन खाली ठेवलं. वसुधाताईंनी त्यांना कायद्यात तशी मनाई दाखवायला सांगितलं. तशी मनाई नव्हती. मग गुप्ताजींनीच सुचवलं की दोघींऐवजी तिघी घ्या, फिरदौसलाही. एक कमी झाली तरी दोन उरतात, फर्म अडत नाही.

"माझ्या मरणाची सोय चांगली केलीत," वसुधाताई म्हणाल्या, आणि गुप्ताजी ओशाळून हसले.

बाहेर आल्यावर मी विचारलं की घरावर टाच येईल म्हणून निखिल सांगत होता तेव्हा त्यांनी ऐकलं नाही, मग आता ही मर्यादा कशाला. त्या टॅक्सीच्या दाराशी थांबल्या. "माझी जबाबदारी अमर्याद चालेल," त्या म्हणाल्या. "संतोषची नाही. तिचं घर एका खोलीचं आहे."

बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. त्यांच्या दिरांनी माझा नंबर मिळवून फोन केला. वहिनींनी या वयात कोणा संतोषला धंद्यात घेतलंय म्हणे, हा माणूस कोण, त्याचं वय काय, तो घरी येतो का, हे त्यांना हवं होतं. संतोष ही लग्न झालेल्या दोन मुलींची आई आहे आणि इकडे हे बायकांचंही नाव असतं, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे बाई आहे? मग तर आणखीच कठीण." हे मी वसुधाताईंना कळवलं. त्या दिवशी त्या मनापासून हसल्या.

खरी अडचण संतोषचीच झाली. तिने आधी नकार दिला, मग रडली, मग आंटीजी मला का अडकवताय म्हणून भांडली. वसुधाताईंनी तिला समजावलं नाही. तिच्यासमोर कोरी वही ठेवली आणि रोज काम सुरू व्हायच्या आधी नाव लिहायला लावलं. एलएलपीसाठी डिजिटल सही लागते, आणि ती मिळण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. त्या सकाळी संतोष नवी ओढणी घेऊन आली. कॅमेरा सुरू झाला आणि ती म्हणाली, "मैं रामफल की घरवाली." गुप्ताजींकडची मुलगी म्हणाली, तसं चालणार नाही, नाव सांगा. दुसऱ्यांदाही रामफलच निघाला. वसुधाताई बाजूला बसल्या होत्या. दुसऱ्या कोणी बोलायचं नाही असा नियम होता. त्यांनी ओठही हलवले नाहीत, फक्त हातातली गोधडी उलटी करून मांडीवर ठेवली. मागच्या बाजूला संतोषचा धावदोरा होता, समोरून असावा तितकाच सरळ.

"संतोष," संतोष म्हणाली. आणि मग कोणी विचारलं नव्हतं तरी, "धावदोरा में पार्टनर."

करारावर तिघींच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून माझी. वसुधाताईंनी तो खालून वर वाचला आणि म्हणाल्या, बरोबर आहे. नवी पाटी करताना रंगाऱ्याने विचारलं, प्रो. ठेवायचं का? त्यांनी ते पुसायला सांगितलं. तिघींची नावं लिहिली, अक्षरं एका मापाची.

सात महिन्यांनी वसुधाताई गेल्या. तेराव्यानंतर निखिल गाळ्यात आला. मी तिथेच होतो. कराराप्रमाणे आईच्या हिश्शाचं जे होतं ते त्याला मिळणारच होतं. त्याला हवं होतं ते नाव. त्याच्या मित्राच्या नव्या कंपनीला 'धावदोरा' हे नाव वापरायला हरकत नाही, असं एक पत्र त्याने मुद्दाम हिंदीत करून आणलं होतं. आईने तुमच्यासाठी खूप केलं, आता तुम्ही एवढं करा, असं तो शांतपणे म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो खोटं बोलत नव्हता.

फिरदौसने संतोषकडे पाहिलं. संतोषने सुई खोचली, हात ओढणीला पुसले आणि पत्र घेतलं. पानं दोन होती. तिने दुसरं पान वर घेतलं आणि तळाशी बोट नेलं. तिथे दोन जागा होत्या, तिच्या आणि फिरदौसच्या सहीच्या. तिसरी नव्हती. मागणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

"भैया," ती म्हणाली, "नीचे आपका नाम नहीं है. बिना नाम का कागज़ कौन पढ़ता है?"

निखिलने तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याने घरी कितीदा ऐकलं असेल, ते त्यालाच ठाऊक. त्याने पत्र परत घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तो तिथेच बसला. संतोषने त्याला चहा दिला. मग तिने आणि फिरदौसने अर्धी राहिलेली गोधडी दोन टोकांनी धरली आणि शिवायला घेतली.