म्हशीला फोन

माझा आवाज मोठा आहे. शिवाजी पेठेत वाढलेल्या बाईचा आवाज लहान कसा असेल, आणि त्यात मी फिजिओथेरपिस्ट. 'उचला पाय', 'अजून थोडा', 'नाटकं नकोत' असं दिवसभर लोकांना म्हणायचं आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या, हेच माझं काम. आमच्या हॉस्पिटलच्या भिंतीवर 'रुग्णांशी प्रेमाने वागा' अशी पाटी आहे. नवरा म्हणतो, ती खास तुझ्यासाठीच लावली आहे.

आमच्या समोर काकी राहतात. पेठेत अजूनही काही घरांत म्हशी आहेत, त्यातलं हे एक. दारातच गोठा, गोठ्यात एकच म्हैस, पण भरपूर दुधाची आणि तितकीच मानी. काकींच्या मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. घरात त्या आणि काका. संध्याकाळी मी दमून येताना दिसले की काकी धारेच्या दुधाचा पेला पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "पी आधी, मग घरात जा. रिकाम्या पोटी जाशील आन् नवऱ्यावर वरडशील." मी मुकाट्यानं प्यायचे. घरी गेल्यावर ओरडायचेच, पण जरा कमी.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, सांधा बदलला. सगळं नीट झालं. मी वॉकर घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेले, तर त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"न्हाय उठत मी. जा."

दुसऱ्या दिवशीही तेच. या वयात खुबा मोडलेलं माणूस अंथरुणाला खिळलं की पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि मग घरची माणसं दाराबाहेर हळू आवाजात बोलायला लागतात. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

"काकी, तुम्हाला काय कायमचं इथंच राहायचंय का?"

"ऱ्हातो की! तुझं काय जातंय?"

खरी गोष्ट मला काकांकडून कळली. म्हैस पान्हा सोडत नव्हती. व्यायल्यापासून तिची धार काकींनीच काढलेली, दुसऱ्या हाताची तिला सवयच नव्हती. ओढूनताणून तांब्याभर दूध निघायचं. शेवटी काकांनी, पेठेतले जुने लोक करतात तोच उपाय केला. तरुणपणी तालमीत घुमलेला, अजूनही दांडगी मान असलेला हा माणूस बायकोची हिरवी साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसला. म्हशीनं एकदा हुंगलं आणि बादलीसकट काकांना उडवून लावलं. गल्लीतली पोरं पोट धरून हसली. काका मात्र मला सांगताना रडकुंडीला आले होते. कास दगडासारखी कडक झाली होती, आणि असंच राहिलं तर सड जातील, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"हे तिला सांगू नगा," काका म्हणाले.

सांगायची गरजच नव्हती. काकींना सगळं ठाऊक होतं. मी परत वॉर्डात गेले तर भिंतीकडं बघतच त्या म्हणाल्या, "तितं तिची कास तटतटली आसंल, आन् मी हितं पाय उचलत बसू व्हय?"

मी वॉर्डातली एक आया मदतीला घेतली, काकींना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि वऱ्हांड्याच्या टोकाच्या खिडकीपाशी नेलं, कारण आमच्या मजल्यावर फोनला रेंज तिथंच येते. म्हटलं, निदान नवऱ्याशी तरी बोलू दे. मनात एवढंच होतं.

काका नेमके गोठ्यात होते. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी खुंटीला अडकवला. काकींनी तोंड उघडलं ते थेट शिव्यांनीच. वैरण ओली घातली असेल, पेंड भिजवली नसेल, जनावराला हात लावायच्या आधी माणसानं चार शब्द बोलावेत एवढी अक्कल नाही, असा सगळा उद्धार चालला होता. मध्येच काका ओरडले, "अगं थांबू नगंस! बोल, बोल! कान टवकारलेत तिनं!"

काकींनी फोन तोंडाजवळ ओढला. मग त्यांचा आवाज पार बदलला. "ये गं बाय, ये माझी. सोड गं. द्वाड हाय त्यो, पर आपलाच हाय. सोड." फोनमधून बादलीत धार पडल्याचा आवाज आला, आधी पातळ, मग भरदार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हशीसाठी रडणारी मी पहिलीच फिजिओथेरपिस्ट असेन.

दुसऱ्या दिवशी अडचण निराळीच होती. खुंटीवरचा आवाज म्हशीला नीट पोचेना आणि काकांचे दोन्ही हात सडांवर. कुणीतरी तिच्या कानाशी फोन धरायला हवा होता. मी नवऱ्याला सांगितलं. तो कॉलेजात हिशेबाच्या खात्यात आहे आणि कुत्र्यालाही लांबूनच नमस्कार करतो. तरी गेला. तेव्हा आमच्यात गॅस, लाईटबिल आणि मुलीची शाळा यापलीकडं बोलणंच होत नव्हतं. भांडण म्हणावं असंही काही नव्हतं, नुसतं सुकत चाललं होतं. आता रोज संध्याकाळी काकींचं म्हशीशी बोलून झालं की फोन माझ्याकडं यायचा, आणि पलीकडून नवरा धापा टाकत सांगायचा, "आज तिनं माझा शर्ट चाटला. पांढरा होता." मी वऱ्हांड्यात उभी राहून खदाखदा हसायचे. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलताना मला घाई नसायची.

काकींचं म्हणाल तर खाटेवर पडून त्यांना आवाज लागेना, म्हणून त्या आपणहून उठून बसू लागल्या. एका संध्याकाळी चाकाची खुर्ची दुसऱ्या पेशंटकडं गेलेली होती. "खुर्ची ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "दे तुझं ते लोखंड." वॉकर धरून, कण्हत, मला आणि सगळ्या डॉक्टरांना नावं ठेवत त्या खिडकीपर्यंत चालल्या. त्या वेळेला वॉर्डातला टीव्ही आपोआप बंद व्हायला लागला. सिस्टर आपला राउंड जरा मागं सरकवायची. शेजारच्या खाटेवरची, मी विनवण्या करून थकले होते ती बाई, 'म्हस काय म्हणतीया बघू' म्हणत काकींच्या मागं चालायला लागली. कुणी मुद्दाम ठरवून काही केलं नव्हतं. जो तो आपापल्या जागी थोडंसं सरकला, एवढंच.

आता नवीन पेशंट आला की मी आधी विचारते, घरी कोण वाट बघतंय. एका रिक्षावाल्याची रिक्षा त्याच्या खाटेवरून दिसेल अशी लावून घेतली, तर तो तिसऱ्या मजल्यावरूनच तिच्यावर बसलेल्या पोरांना हाकलायला उभा राहिला. अशा गोष्टींना काही लागत नाही. माझं काम सोपं झालं, आणि मी ओरडते अजूनही, पण लोक आता रागावत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी काकींना सांगितली नव्हती. खुबा बदलला की उकिडवं बसता येत नाही, कधीच नाही. आणि उकिडवं बसल्याशिवाय काकींना धार काढता येणार नव्हती. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मग कवा बसू धारंला?" मी खाली बघून सांगितलं. त्यांनी वॉकर ओढून घेतला आणि गाडीकडं चालू लागल्या.

घरासमोर उतरल्या त्या तडक गोठ्यात गेल्या. म्हैस दावं ताणून हंबरली. काकींनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मानेखाली खाजवलं आणि तिच्याशी बोलत राहिल्या. काका आपल्या साध्या सदऱ्या-लेंग्यात खाली बसले. धार लागली. नवरा आणि मी गोठ्याच्या दारात उभे होतो. बादली निम्मी होत आली तेव्हा काकी बोलायच्या थांबल्या. मुद्दामच थांबल्या, ते कळत होतं. धार चालूच राहिली.

"बघ की," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "मी गप ऱ्हायलो तरी देतीया. आता माझं काय काम न्हाय हितं."

काकांनी वर पाहिलं नाही. "तू म्होरं हुबी हाईस म्हणून देतीया. जरा बाजूला सर आन् बघ."

काकी वॉकर उचलून दोन पावलं मागं सरल्या. बादलीतला आवाज बंद पडला.

"बघितलंस?" काका म्हणाले.

काकींनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुढं आल्या आणि म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. धार सुरू झाली. त्या उभ्या होत्या तिथून त्यांना म्हशीचं तोंडच काय ते दिसत होतं. आम्ही दारात होतो, आम्हाला काकांचे हात दिसत होते. म्हैस थांबली नव्हती, काकांनी हात थांबवले होते. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याचा हात धरला आणि आम्ही दोघं घरी आलो.