वहिनीच्या वाटेवरचा बाक

हे मी कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला पण न्हाय—आणि तिला तर मी माझा दात पडला तरी पहिला फोन करतो. लिहिता येत न्हाय, म्हणून मोबाइलमध्ये बोलतोय, तो लिहितोय. काय लिहितोय, देव जाणे. मला कुठं वाचता येतंय?

तेच सांगायचं हाय. म्हणजे... त्याच्यापुढचं.

आमच्या पालीत, कोळ्यांच्या वस्तीत, कॉलेजची पोरं आलेली. डिग्रीवर डिग्री करणारी. सावली, पाणी, कमी गाड्या, लोकांची सोय—अशी टिकणारी वस्ती कशी आखायची, ते शिकायला. त्याला स्टुडिओ म्हणतात. मला वाटलं फोटो काढणार, मी केसांना तेल लावून गेलो.

गल्लीत मी शहाणा. का? रोज सकाळी ओट्यावर पेपर धरून बसतो—चित्रं बघतो, मान हलवतो. म्हणून तन्वी नावाची पोरगी नकाशा घेऊन माझ्याकडंच आली. माझ्या हातात दिला, एका रेघेवर बोट ठेवलं. "काका, इथून कोणी जातं-येतं का?"

मला काय दिसणार? चिखलात चिंबोऱ्या फिरल्यासारख्या रेघा. पण बाजूला चार माणसं उभी. म्हटलं, "तिथून? कुत्रं पण जात न्हाय!" सगळे हसले. तिनं लिहून घेतलं.

मग पोरांनी गावाला हाताशी धरून तिथं सिमेंटचा बाक बसवला, मोठ्या कुंड्या ठेवल्या. एक कुंडी मीच उचलली. तेव्हा कळलं—अरे, ही तर वहिनीची वाट! माझ्या थोरल्या भावाची बायको ती; ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन इथूनच सुकवायला जाते, लग्न होऊन आली तेव्हापासून. वहिनी तेव्हा लेकीकडं गेलेली. तोंड उघडायचं होतं. कुंडी ठेवली, घाम पुसला.

पोरांनी काम दाखवायला गावाची सभा घेतली. वहिनी परत आली ती थेट त्या सभेत. कमरेवर हात. "गो पोरी, माझी वाट बुजवलीस! इचारलंस कोनाला?"

तन्वीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आपल्याला कोण विचारतंय वहिनी? आपण अडाणी!" परत सगळे हसले.

तन्वीच्या कॉलेजच्या मॅडम सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "लोकांना न विचारता आखलंस? सगळं पहिल्यापासून कर." ती म्हणाली, "हो मॅडम." बस, एवढंच.

मला वाचता येत न्हाय, हे तन्वीला ठाऊक होतं. त्या दिवशी नकाशा मी उलटा धरलेला. तिनं तो माझ्या हातातच हळूच फिरवून सरळ केला होता. सभेत तिनं ते पण सांगितलं न्हाय.

पोरं गेली. तिनं परत आखलं असेल, कागदावर. बाक तिथंच हाय. वहिनी मोठ्या रस्त्यानं, बाइकवाल्यांच्या मधून पाटी नेते. येताना दम लागला की त्याच बाकावर टेकते. मी पेपर घेऊन शेजारी असतो.

"भावजी, वाच की, काय लिवलंय?"

मी वाचून दाखवतो.