ताकदीची इंजेक्शनं

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी दर आठवड्याला पुण्याहून एसटीने नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला जात असे. ग्रामीण भागातल्या पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू आणि त्यांच्या रक्तातली हार्मोन्स यांचा एकमेकांशी कसा मेळ बसतो, हा माझ्या संशोधनाचा विषय होता. त्याआधी मी प्रयोगशाळेत उंदरांवर काम केलं होतं. उंदीर बरे. ते तपासणीला स्वतः येतात, बायकोला पाठवत नाहीत.

बेलापुरात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातली मागची खोली मला वापरायला दिली होती. त्यांच्याकडे मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांची रीघ असे. मी प्रत्येकीला सांगे, नवऱ्याला घेऊन या, सकाळी लवकर या. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त सकाळीच घ्यावं लागे. नवरे यायचेच नाहीत. आले तर भर दुपारी, उसाला पाणी देऊन झाल्यावर, आणि खोलीत बाई बसलेली पाहिली की दारातूनच मागे फिरत. एकाने मला विचारलं, "साहेब कधी येनार?" साहेब मीच, म्हटल्यावर तो चहा पिऊन येतो म्हणाला. तो चहा बहुधा अजून चालू असावा.

नमुना मिळालाच तर वीज जायची. मग मायक्रोस्कोप खिडकीशी नेऊन, आरशाने उन्हाचा उजेड पकडून मी शुक्राणू मोजत बसे. पुण्यातले माझे मार्गदर्शक म्हणत, "मॅडम, गती जरा वाढवा."

अशात एक अंगणवाडी सेविका नवऱ्याला घेऊन आली. पुणतांब्याकडचं शेतकरी कुटुंब. मागे सासूही होती. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली. बाईची पिशवी दोनदा धुऊन झाली होती, नवस झाले होते, गंडे बांधून झाले होते. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळून घरी आलं की दुसऱ्या सोयरिकीच्या गप्पा ऐकायच्या, असं तिचं चाललं होतं.

सासू म्हणाली, "बाई, माझ्या लेकात काय खोट न्हाई. क्विंटलचं पोतं येकटा उचलतोय. ह्याला कशापायी तपासायचा?"

सून सासूकडे न पाहता माझ्याशी बोलली. "मला पाच डॉक्टरांनी तपासलंय. ह्यांनी येकदा तपासून घ्यावं. न्हाई घेतलं तर मी माहेरी चालले, मग करा दुसरी."

नवरा धिप्पाड होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. शेवटी तयार झाला.

नमुन्यात एकही शुक्राणू नव्हता. पुन्हा बोलावून पुन्हा पाहिलं, तरी तेच. रक्ताचा अहवाल पुण्याहून आला, तेव्हा मी चक्रावले. टेस्टोस्टेरॉन भरपूर, वळूला शोभेल इतकं. पण मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून वृषणांना कामाला लावणारी जी हार्मोन्स निघतात, ती जवळजवळ नव्हतीच. मालक गप्प आणि कारखान्यात माल भरलेला. मग हा माल येतोय कुठून? बाहेरून.

मी त्याला विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?"

"न्हाई."

"गोळ्या? इंजेक्शन?"

"औशध कायबी न्हाई."

बायको म्हणाली, "आन ते मंगळवारचं?"

"ते औशध कुठं हाय? ते ताकदीचं हाय."

लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही, तेव्हा तो गावातल्या एका डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरने अशक्तपणा ठरवला आणि इंजेक्शनं सुरू केली. तेव्हापासून ती दर मंगळवारी चालूच होती. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळत राहिलं की पिट्युटरी समजते, पुरवठा भरपूर आहे, आणि वृषणांना निरोप पाठवणं थांबवते. निरोप नाही तर शुक्राणू नाहीत. म्हणजे मूल व्हावं म्हणून जो उपाय चालला होता, त्यानेच मूल होत नव्हतं. आणि पिशवी धुतली जात होती बायकोची.

मी त्या डॉक्टरकडे गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, गडी खूश आहे. दंड बघितले का त्याचे?"

"शुक्राणू नाहीत त्याच्यात."

"ते कोण बघायला येतंय?"

"मी आले ना."

तो हसला, मला चहा पाजला आणि बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्या माणसाने शर्टाची बाही आधीच वर सारली होती.

इंजेक्शनं बंद करायला नवऱ्याला पटवणं सोपं गेलं नाही. बंद केल्यावर त्याला गळून गेल्यासारखं व्हायचं, चिडचिड व्हायची, आणि सासू मला शिव्या घालायची. "चांगला गडी पार बसवून ठिवला या बाईनं," असं ती डॉक्टरीणबाईंना ऐकवून गेली. सूनच त्याला धरून राहिली, दर मंगळवारी काही ना काही काम काढून घरी थांबवायची. काही महिन्यांनी खिडकीशी मला काचेवर पहिले चार-दोन शुक्राणू दिसले, अगदी मरगळलेले. पुढच्या खेपांना ते वाढत गेले.

इकडे पुण्यात मार्गदर्शकांनी त्याचं नाव अभ्यासातून काढायला सांगितलं. बाहेरून हार्मोन घेतलेला माणूस आमच्या निकषांत बसत नव्हता. ते बरोबरच होतं, पण इतक्या खेपांत ज्याच्याकडून खरोखर काही कळलं तो एकच माणूस, आणि तोच बाद.

त्या बाईला पुढच्या वर्षी मुलगी झाली. भेटायला गेले, तेव्हा सासू अंगणात बायकांना सांगत होती की नेवाशाला केलेला नवस फळला, आणि सुनेच्या अंगातली उष्णता गेली.

मी आत जाऊन सुनेला म्हटलं, "अहो, त्यांना खरं काय ते सांगा ना."

ती मुलीला पदराखाली घेत होती. "सांगितलंय ह्यांनी. दोनदा सांगितलं. त्या म्हनतात, बायकोची बाजू घेतोय." मग तिने मला बसायला पाट दिला. "तुमी जेवून जावा. आन मॅडम, आमच्या धाकट्या दिराचं लगीन झालंय. त्यो बी मंगळवारी जायला लागलाय."