जंगलकोशातली कोरी ओळ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी लाजत सांगत नाही. आई-बाबा आंजीकडच्या वाडीत भाजी पिकवायचे, वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकायचे. माझा पदवीचा फोटो आजही आमच्या बैठकीत देवांच्या वर टांगलेला आहे. बाबांनीच टांगला, देवांना न विचारता.

त्यामुळेच असेल, बरोबर काय आणि चूक काय हे सांगायची मला जरा घाई असते. लाल पेन पटकन हातात येतं.

मी चौथीला शिकवते. शाळा जंगलाला लागून आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा मी मुलांना कोश करायला लावले. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, त्यातले शब्द घरच्यांना विचारून जमवायचे, बाराखडीच्या क्रमाने लावायचे आणि पुढे अर्थ लिहायचा. कागद जुन्या वह्यांतले कोरे, शिवण आपल्या हाताची. एकाने मोटारसायकलचा कोश धरला. एकीने भाकरीचा.

"भाकरीत किती शब्द असतेत वं?" म्हणून पोरं तिला हसली. तिने तेवीस आणले. त्यातले चार मलाही माहीत नव्हते.

एका मुलीने जंगलाचा कोश धरला. ती आदिवासी वस्तीत आजीजवळ राहते. वर्गात इतकं हळू बोलते की हजेरीला दोनदा नाव घ्यावं लागतं. आजी मोहफुलं वेचते, तेंदूपत्ता तोडते. घरात त्यांची बोली वेगळी, म्हणून तिने प्रत्येक झाडाला दोन शब्द लिहिले, एक शाळेचा आणि एक आजीचा. कोश पाहून मला फार बरं वाटलं. मग 'व'चं पान आलं. वड, वारूळ, वेल. वड आणि वारूळ यांच्यामध्ये पट्ट्यांचं चित्र होतं, अर्थही होता, 'मोठे जनावर'. शब्दाच्या जागी मात्र कोरी ओळ.

मी त्या ओळीवर लाल पेनाने ठसठशीत 'वाघ' लिहिलं. वर सगळ्यांसमोर म्हणालेही, "जंगलाचा कोश, आणि वाघच विसरलीस?"

तिने वही मिटली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाकरीवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजीसंग मोह वेचाले जाते, मॅडम."

"काऊन पण?"

"तुमी तिच्या वहीत त्याचं नाव लिहिलं ना. आता तो येईन म्हणते. आजी एकटी असते जंगलात."

वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "आमच्या घरी बी घेत नाई, मोहाच्या दिवसात."

शाळा सुटल्यावर गाडी घेऊन मी वस्तीत गेले. अंगणभर मोहफुलं वाळत होती, गोड आंबूस वास दाटला होता. मला पाहताच पोरगी घरामागे गेली. आजी म्हणाली, "या मॅडम. खाट हाय, पण तिच्यावर मोह झोपून हाय. खालीच बसा."

मी बसले. "आजी, पोरीला शाळेत पाठवा. चूक माझी झाली."

"मी तं पाठवून राह्यली. तेच जात नाई. काडी घेऊन माह्या मागं मागं फिरते, मले सांभाळाले." आजी हसली. "काडीनं पळते का तो?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. जंगल त्याचं, मी पाहुणी. नाव घेणं म्हंजे हाक मारणं. काऊन हाक माराची कोणाले?"

"पण आजी, कागदावर लिहिल्याने..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमचं माहेर कोणतं?"

"आंजीकडचं. भाजीची वाडी आहे आमची."

"वाडीत साप निघाला तं तुमची माय काय म्हणते?"

"जनावर निघालं म्हणते."

"मंग? कॉलेजात गेलती का तुमची माय?"

"नाही."

"तरी समजते तिले."

पदवी घेऊन आल्यावरही, संध्याकाळी मेथीच्या वाफ्यात पाणी सोडताना माझ्या तोंडून कधी तो शब्द निघालेला नाही. घरचा तो रिवाज होता. हिच्या वहीत दिसला तर चूक झाली.

आजीने हाक मारली तेव्हा पोरगी वही घेऊन आली. मी सोबत खाकी कागद आणि डिंक नेला होता. लाल शब्दावर नीट तुकडा चिकटवला. तिने बोट फिरवून पाहिलं.

"खाली हायच ना तो, मॅडम."

होताच. मग ते पान फाडायचं ठरलं. पण पाठीमागे 'स' होता. साग, सालई, सीताफळ, आजीला विचारून विचारून लिहिलेले. मी म्हटलं, "ते मी उतरवून देते."

"तुमी नका लिहू," ती म्हणाली. माझ्याशी ती इतकं मोठ्याने पहिल्यांदाच बोलली. दाराशी बसून तिने 'स' स्वतः उतरवला. फाडलेलं पान आजीने चुलीत सारलं आणि वर चहा ठेवला. चहा बिनदुधाचा होता, चांगला कडक.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ती एकाच हाकेत "हजर" म्हणाली. मधल्या सुट्टीत तिने कोश माझ्या टेबलावर आणून ठेवला. नवं पान, 'वड'च्या खाली तशीच कोरी ओळ, चित्र पुन्हा काढलेलं. अर्थ मात्र वाढला होता: 'मोठे जनावर. अंगावर पट्टे. आजी मोह वेचते तेव्हा तो नाल्याच्या तिकडे असतो.'

"बरोबर हाय का, मॅडम?"

"आजी कुठे आहे आज?"

"जंगलात."

"एकटीच?"

तिने होकाराची मान डोलावली.

"मग बरोबर आहे," मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.