होण्याआधीच पार पडलेली परिषद

परिषद रविवारी सकाळी दहाला सुरू व्हायची होती, आणि ती टाळ्यांच्या कडकडाटात संपन्न झाल्याची बातमी मी शनिवारीच छापायला धाडली. हा मूर्खपणा माझाच. नातीला सांगताना मी तो वार्ताहराच्या माथी मारते. इथे खरं लिहिते.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. संगणकाला मराठीत हुकूम देता येतील अशी प्रोग्रामिंगची भाषा माझ्या लेकीनं तयार केली होती. तीन वर्षं खपली बिचारी. तिचं म्हणणं, अनोळखी लोकांनी वापरायला घेतली तरच भाषा जगते. म्हणून पुण्या-संभाजीनगरच्या डेव्हलपर मंडळींना तिनं आमच्या बदनापूरला स्टेशनजवळच्या हॉलात परिषदेला बोलावलं. प्रसिद्धीचं काम माझ्याकडे दिलं. म्हणजे मीच ओढून घेतलं. रक्तदान शिबिर असो की हळदीकुंकू, गावातल्या बातम्या माझ्याच हातच्या असत. त्याचा कोण तोरा!

आमच्याकडे 'संपन्न'ची बातमी आधीच लिहून ठेवतात. पाहुणे तेच, भाषणं तीच, फोटो तेवढा मागून जोडायचा. मी तर पाहुण्यांचं न झालेलं भाषणही लिहिलं, वर 'तरुणाईची अलोट गर्दी'. ऐनवेळी घाई नको म्हणून आदल्या दिवशीच पाठवलं. 'सोमवारच्या अंकासाठी' एवढं लिहायचं तेवढं राहिलं.

रविवारी सकाळी पेपर घेऊन मी शेजारणीकडे मिरवायला गेले. तिनं वाचलं आणि विचारलं, "पण काकू, कारेक्रम तर आज हाय ना? मंग हे कधी झालं?"

तोवर कुणीतरी ते कात्रण डेव्हलपरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. लेक फोनवर ओरडून राह्यली होती, "आजच आहे हो, आजच!" पण छापून आल्यावर तिच्या तोंडी शब्दाला कोण विचारतो? संभाजीनगरचे निघालेच नाहीत, पुण्याचे वाटेतून फिरले.

शंभर खुर्च्यांत सात माणसं बसली, सगळी पेपर न वाचणारी. लेकीनं त्या सातांना दिवसभर भाषा शिकवली. मी मागच्या रांगेत, अलोट गर्दी होऊन बसले.

संध्याकाळी खुर्च्या रचताना हळूच म्हटलं, "चुकलं गं माझं."

लॅपटॉप मिटत ती म्हणाली, "आई, माह्या भाषेत चूक झाली की ती तिथंच थांबते, अन् कोणत्या ओळीत चुकलं तेबी सांगते. तू तर थांबली न्हाई, वरून टाळ्याबी वाजवून घेतल्या!"