वीस वर्षांचा गाळ

खंडेनवमीला आमचा ट्रॅक्टर असा सजतो की नवरदेवानं लाजावं. शाम्पूनं आंघोळ, बॉनेटवर हळदीकुंकू, पुढं झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. वीस वर्षं हे सगळं मी मनोभावे केलं. डिझेलच्या टाकीत मात्र एकदाही डोकावलो नाही. देवाच्या पोटात कोण बघतं?

त्या वर्षी सण झाला आणि सोयाबीनची मळणी लागली. आमचं मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालतं. पहिला नंबर शेजारच्या अक्कांचा होता. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच शेती करतात. त्यांचं कापलेलं सोयाबीन फाटक्या ताडपत्रीखाली पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. "दुपारपर्यंत पोती शिवून देतो," असा शब्द मी देऊन बसलो.

त्याच सकाळी संतपूरच्या रस्त्यावरच्या एका विकणाऱ्याकडून बायोडिझेल आणून टाकीत ओतलं होतं. ते स्वच्छ असतं असं फोनवर वाचून मी गावालाही समजावून सांगितलं होतं. गावात शिकलेला माणूस म्हणजे मीच.

अर्ध्या तासात ट्रॅक्टरनं दोन आचके दिले आणि बंद पडला. फिल्टर काढला तर डांबरासारखा काळा. नवा घातला, तोही लगेच तुंबला. मग तज्ज्ञ जमले. कुणी तेलाचा वास घेतला, कुणी बोटावर चोळलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या म्हशी, त्यामुळे अप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी दुधासारखाच एक थेंब नखावर धरला आणि निकाल दिला, "पाणी न्हाई ह्याच्यात. पर गाळून घे."

टाकीतलं तेल नळीनं वरच्यावर ओढून कॅनमध्ये घेतलं आणि अप्पांच्या धुतलेल्या धोतरातून दोनदा गाळलं. धोतराला फारसं काही लागलं नाही. याचा अर्थ काय, हे विचारावं असं एकाही तज्ज्ञाला वाटलं नाही. गाळलेलं तेल आम्ही मोठ्या काळजीनं परत त्याच टाकीत ओतलं.

तिसरा फिल्टर गेल्यावर मी विकणाऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांदेखत त्याचा उद्धार केला.

"कामून वरडायलाव, अण्णा?" तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाचं बंद पडलं न्हाई."

"चोर हाय," मी गावाला सांगितलं. गावाला ते लगेच पटलं.

औरादहून मेकॅनिक आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्यानं टाकीच्या तळाचं बूच काढलं. काळा, चिकट गाळ भदाभदा घमेल्यात पडला.

"मालक, ह्यो तुमचाच माल हाय," तो म्हणाला. "नवं तेल टाकी आतून धुवायलंय, अन् समदी घाण फिल्टरात यायलीय."

मी त्याला चहा पाजला आणि हे गावात बोलू नको म्हणून हात जोडले.

पाऊस तीन दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी अक्कांनी ताडपत्री उचलली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आतून वाफ आली. शेंगा फुटून दाण्यांना पांढरे कोंब आले होते. अक्कांनी मूठभर उचलून बघितले आणि खाली टाकले.

"तुमी तरी काय करनार, अण्णा," त्याच मला समजावू लागल्या. "त्या डिझेलवाल्यानं घात केला बगा."

मी एकदा रस्त्याकडं बघितलं.

"व्हय, अक्का," मी म्हणालो.