तमानचं नाक

यंत्र बिघडलं की माणसं खोटं बोलतात. तमान सोळा वर्षं हे ऐकत आला आहे. "शेवटचं काय केलं होतंत?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि "काहीच नाही" हे साऱ्या सलाला शहराचं उत्तर. काहीच न करता फटीत खजुराची बी गेलेली असते. काहीच न करता दुधाचा चहा कीबोर्डमधून वाहून गेलेला असतो. तमान वाद घालत नाही. लॅपटॉप उचलतो, बाजूच्या जाळीला नाक लावतो आणि डोळे मिटतो.

"गादीवर ठेवून वापरता," तो म्हणतो. किंवा, "खिडकी समुद्राकडे आहे." किंवा, "मासे तळताना हा चुलीजवळ होता." गिऱ्हाईक ओशाळतं, आणि तिथून पुढे खरं बोलायला लागतं.

माझं वह्या-पेनांचं दुकान त्याच्या भिंतीला लागून आहे. खोडरबर तो माझ्याकडून नेतो. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात त्याने घासतो, आणि चार महिने मेलेला संगणक उठून बसतो. एकदा एका वकिलाच्या घरी जाऊन तो फक्त भिंतीवरचं बटण चालू करून आला होता. पण वकिलाला लाज वाटू नये म्हणून आधी दहा मिनिटं पेटी उघडून उगाच आत बघत बसला. हार्ड डिस्क टिकटिक करते म्हणून कोणी आलं की मात्र तो चिडतो. "पहिल्या आवाजालाच बंद करायची होती. पुन्हा चालू करून बघितलीत? किती वेळा? पाय मोडलेल्या माणसाला पळवून बघता का, मोडलाय की नाही ते?"

मला वाटतं, आपण सगळं आयुष्य ज्या पेटीत ठेवतो तिच्या आत कधी डोकावत नाही. तमान डोकावतो. आणि तिथे त्याला नेहमी धूळच दिसते. तरी तो हसतमुख आहे, हे मला कधी उलगडलं नाही.

या वर्षी एक तक्रार वाढली. लॅपटॉप तापतो, वीस मिनिटांत बंद पडतो. तमान पंखा साफ करायचा, दिवसभर चालवून बघायचा, परत द्यायचा. महिन्याभरात तोच लॅपटॉप पुन्हा दारात. असे सात आले. सातही वेळा त्याने नाक लावलं आणि सांगितलं, "लोबान. घरात धूप फार होतोय. धूर आत जातो, राळ पंख्याला धरते, तिच्यावर धूळ बसते." आमच्या गावात कोणाच्या घरी धूप नसतो? लोक मान खाली घालून जायचे. दोघंजण गेले ते मोठ्या रस्त्यावरच्या, चकचकीत काचांच्या दुसऱ्या दुरुस्तीच्या दुकानात. परत आलेच नाहीत.

नुवैरचा लॅपटॉप तिसऱ्यांदा आला तो सोमवारी. नुवैर शाळेत शिकवते. उंटांवर डागायच्या कुळांच्या खुणांवर तिने तीन वर्षं खपून प्रबंध लिहिला होता. बुधवारी दहा वाजता तोंडी परीक्षा, परीक्षक राजधानीत बसून पडद्यावरून प्रश्न विचारणार. विद्यापीठाने तिचा हाच लॅपटॉप नोंदवून घेतलेला, दुसरा चालत नव्हता. मुदत दोनदा वाढवून झाली होती. मध्येच बंद पडला, तर तीन वर्षं वाया.

"तमानभाई, मी तो शाळेच्या कपाटात कुलपात ठेवते," ती म्हणाली. "तरी कसा तापतो?"

"मग तुझी आई सुट्टीच्या दिवशी धूप दाखवत असणार."

"आईला कोण सांगणार? तुम्ही सांगाल?"

नुवैरची आई म्हणजे बखीता खाला. तिच्या माहेरची लोबानाची झाडं डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. तुमच्या लोबानाने नुकसान होतं, असं तिला सांगणं म्हणजे तिच्या बापाच्या तोंडावर बोलणं. पण तमानने लॅपटॉप पिशवीत घातला आणि मला म्हणाला, "गाडी काढ. मी एकटा गेलो तर अर्ध्या वाटेतून परत येईन."

खालाने कॉफी दिली, खजूर दिले, हलव्याची थाळी पुढे सरकवली. धुपाटणं फिरलं की पाहुण्याने उठायचं असतं, तेव्हा जे बोलायचं ते त्याआधी. तमान पहिल्या पेल्याला पावसाळी धुक्यावर बोलला. दुसऱ्याला केळ्यांच्या रोगावर. तिसऱ्याला मी त्याच्या पायाला पाय लावला, तर तो माझ्या दुकानाबद्दल बोलायला लागला. तेवढ्यात खाला उठली आणि धुपाटणं घेऊनच आली.

तमानने ते हातात घेतलं, दाढीखाली धरलं आणि त्या धुरातूनच म्हणाला, "खाला, या धुराने नुवैरचा लॅपटॉप बंद पडतो."

नुवैर दाराआड उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

"कशाने?" खाला म्हणाली.

"लोबानाने. राळ आत जाऊन बसते."

"दाखव."

त्याने तिथेच सतरंजीवर लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. पंख्याच्या पात्यांवर तपकिरी, चिकट थर होता. खाला वाकली. नखाने तो खरवडला, बोटांत चोळला आणि ती चिमूट धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकली. बारीकसा काळपट धूर निघाला. तिने नाक पुढे केलं.

"हा माझा नाही."

"खाला—"

"गप. हा शाबी आहे. किनाऱ्यावरच्या झाडांचा, स्वस्तातला, काजळी धरणारा. माझ्या घरात हा गाईंच्या गोठ्यातसुद्धा जळत नाही. पन्नास वर्षं लोबान निवडतेय मी. मला शिकवतोस?" मग ती थांबली. तिची नजर तमानच्या अंगरख्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या, वास धरून ठेवणाऱ्या गोंड्यावर गेली. "जवळ ये जरा."

तिने गोंडा दोन बोटांत धरला, हुंगला आणि सोडून दिला.

"घरी जा," ती म्हणाली, "आणि तुझ्या बायकोला विचार."

गाडीत तमानने तो गोंडा स्वतःच्या नाकाला लावून बघितला. मग स्वतःच हसायला लागला, आणि मला त्या हसण्याची भीती वाटली. "सोळा वर्षं," तो म्हणाला, "मी शहरभर लोकांची घरं हुंगत फिरलो."

थुमना, त्याची बायको, दुकानामागच्या अंगणात लसूण सोलत होती. दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली.

"तू माझ्या लॅपटॉपना धूप दाखवतेस?"

"रोज. चारच्या सुमाराला, तुम्ही नमाजाला गेलात की."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच सांगितलं होतंत, लग्नानंतर. लोकांची वस्तू घरी जाताना तिला डाग देतानाच्या जळक्या कथलाचा वास नको. फळीवर उघडे मांडलेले असतात, पंखे फिरत असतात, छान आत ओढून घेतात धूर. मला वाटायचं, आवडतं त्यांना."

"आणि हा शाबी कुठला?"

"माझ्या भावाने रमजानात पोतं आणून टाकलं. नको म्हणायचं का त्याला?" तिने लसणाची पाकळी भांड्यात टाकली. "मुहादच्या बाबा, तुमचं एवढं नाक, मग तुम्हाला कसा आला नाही हा वास?"

तमानने कपाळाला हात लावला. मी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात शिरताना मुद्दाम थांबून श्वास घेतला. काहीच वास आला नाही. ज्यात आपण राहतो त्याला वास नसतो, एवढंच मला त्या दारात कळलं, आणि जरा अस्वस्थ होऊन मी शटर वर केलं.

मंगळवारी तमानने पंखा नवा बसवला, जाळी ब्रशने आणि स्पिरिटने धुतली, चिपवरची वाळलेली पेस्ट काढून ताजी लावली. थुमनाने पोतं बकऱ्यांच्या गोठ्यात नेलं. संध्याकाळी तमान उरलेल्या सहा घरी जाऊन सांगून आला, "चूक माझ्याकडची. घेऊन या, पुन्हा करून देतो." एकाने विचारलं, "शेवटचं काय केलं होतंत?" तमान म्हणाला, "काहीच नाही," आणि दोघं दारात खो-खो हसत उभे राहिले.

बुधवारी खालाने त्याला बोलावून बसवलं. काही झालं तर हाताशी हवा म्हणून. मीही गेलो. आतल्या खोलीत नुवैर, दार बंद, आणि त्याआडून उंटांच्या मानांवरच्या खुणांबद्दल तिचा आवाज. बाहेर आम्ही तिघं घड्याळ बघत. पंधरा मिनिटं झाली. अठरा. खालाची माळ भरभर फिरायला लागली. विसाव्या मिनिटाला नुवैर गप्प झाली.

तमान उभा राहिला. खाला मोठमोठ्याने दुआ मागायला लागली, आणि तिच्यामागून तमानही, आणि मग मीही, लहानपणी पाठ केलेलं सगळं.

आत कोणी परीक्षक खोकला. नुवैर पुन्हा बोलायला लागली. चाळीस मिनिटं झाली, मग साठ. आमचे घसे बसले, तरी कोणाची थांबायची हिंमत नव्हती.

अखेर दार उघडलं. नुवैर लॅपटॉप छातीशी धरून उभी होती, चेहरा लाल.

"काय चाललं होतं तुमचं? मी पाणी प्यायला थांबले तर तुम्ही गोंधळ घातलात! परीक्षकांनी मला विचारलं, घरात कोणी वारलंय का म्हणून!"

"तू काय सांगितलंस?" खाला घाबरून म्हणाली.

"सांगितलं, अजून नाही." मग ती हसली. "पास. एकही दुरुस्ती नाही."

खालाने तिच्या गळ्यात हात टाकले. तमान पुढे आला. पण त्याने आधी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावला, क्षणभर तसाच धरला, आणि मगच म्हणाला, "मुबारक."